पदवीला बालविकास आणि कुटुंब हा विषय घेताय? सुरुवात अशी करा

"शेजारचा अकराव्या महिन्यात चालायला लागला. आमच्या छकुलीला चौदावा संपत आला, तरी अजून धरधरूनच चालते. काही दोष तर नसेल ना?"

माझा विषय काय आहे हे कळलं, की लग्नात, रेल्वेच्या डब्यात, वाण्याच्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ मुलं होती. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. आधाराशिवाय चालण्याचं वय त्यात ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं दिसलं. हात-गुडघ्यांवर रांगण्याचा टप्पा तर ४.३ टक्के मुलांमध्ये दिसलाच नाही, ती त्याशिवायच पुढे गेली.

पण आकडा सांगून मोकळं होता येत नाही. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं होतं का? घरात खाली सोडायला जागा आहे, की दिवसभर कुणाच्या तरी कडेवर असतं? उभं राहताना एकाच पायावर भार देतं का? हाक मारली की वळून बघतं का? हे प्रश्न कुठल्या क्रमाने आणि कुठल्या सुरात विचारायचे, उत्तर ऐकून कुणाला डॉक्टरांकडे पाठवायचं आणि कुणाला नुसता धीर द्यायचा, हे शिकायला तीन-चार वर्षं लागतात. ती वर्षं जिथे घालवायची तो हा विषय. बारावीनंतर इकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि "हे शिकून करणार काय?" असं विचारणाऱ्या त्यांच्या पालकांसाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: विषय कोणत्या नावाखाली आहे ते शोधा

'बालविकास' अशी पाटी शोधत फिरलात तर दमाल. आपल्याकडे हा विषय गृहविज्ञानाच्या घरात वाढला. त्यामुळे पदवीचं नाव बहुतेक ठिकाणी बी.एस्सी. होम सायन्स असतं आणि आतली शाखा 'मानव विकास' किंवा 'ह्युमन डेव्हलपमेंट'. कृषी विद्यापीठांनी गृहविज्ञानाचं नाव बदलून 'कम्युनिटी सायन्स', म्हणजे सामुदायिक विज्ञान केलं आहे. मुंबईत न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतनचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे. जुहूला एस.एन.डी.टी.चं सर विठ्ठलदास ठाकरसी महाविद्यालय आहे, पुण्यात कर्वे रस्त्यावर एस.एन.डी.टी.चंच गृहविज्ञान महाविद्यालय आहे. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा असून शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभव असतो. एस.एन.डी.टी. हे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं महिला विद्यापीठ, त्यामुळे मुलग्यांनी परभणीसारख्या ठिकाणांचा विचार करावा. आणि मुलग्यांनी यावं, हे मी मनापासून सांगते. बाळाच्या शेजारी मांडी घालून बसलेला पुरुष बालवाडीतल्या मुलांना फार क्वचित दिसतो.

महाराष्ट्राच्या जरा बाहेर जायची तयारी असेल तर वडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ डोळ्यांसमोर ठेवा. हंसा मेहता कुलगुरू असताना तिथे गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली, १९५० साली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाने वाचता येणारे शब्द काढून 'सर्व मानव' असे शब्द घालायला लावणाऱ्या त्या याच हंसाबेन. तिथला मानव विकास आणि कुटुंब अध्ययन विभाग आणि त्याची 'चेतन बालवाडी' यांनी देशाला अनेक संशोधक दिले.

शेजारच्या विषयांशी गल्लत करू नका. बी.ए. मानसशास्त्रात मन शिकाल, पण रांगणारं बाळ प्रत्यक्ष दिसेलच असं नाही. समाजकार्याच्या पदवीत कुटुंब आणि वस्ती भरपूर भेटतील, मुलाच्या शरीराची वाढ कमी. डी.एल.एड. ही पदविका तुम्हाला प्राथमिक शिक्षक बनवेल. मानव विकासात गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य येतं, सोबत पोषण, आरोग्य, कुटुंबाची रचना आणि थोडं संख्याशास्त्रही. संख्याशास्त्राला घाबरून कुणी मागे फिरू नये, सरासरी आणि शेकडेवारी येत असेल तर सुरुवातीला तेवढं पुरतं.

दुसरी पायरी: प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन या

माहितीपत्रक वाचाच. विज्ञान शाखा हवी की कुठलीही चालते, कोणती प्रवेश परीक्षा लागते, हे ठिकाणागणिक वेगळं असतं आणि बदलतही राहतं. पण पत्रकावर निर्णय घेऊ नका. कॉलेजात जा आणि एकच गोष्ट आधी विचारा: तुमची स्वतःची बालवाडी आहे का?

ज्या विभागाला स्वतःची प्रयोग-बालवाडी असते, तिथल्या मुली पहिल्या वर्षापासून मुलांमध्ये असतात. जिथे ती नसते, तिथे मुलं पुस्तकात राहतात आणि शेवटच्या वर्षी पंधरा दिवसांसाठी भेटतात. दुसरं विचारायचं ते फील्डवर्कबद्दल: किती तास, कुठे, आणि सोबत शिक्षक येतात का. तिसरं म्हणजे ग्रंथालयात मराठी पुस्तकं काय आहेत ते स्वतः बघा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. पुढे संशोधनाकडे जायचं मनात असेल तर चौथ्या वर्षाची सोय त्या कॉलेजात आहे का, हे आजच विचारून ठेवा.

तिसरी पायरी: टप्पे पाठ करायच्या आधी एक मूल पाहा

पहिल्या सत्रात विकासाचे सिद्धांत मांडणाऱ्यांच्या नावांचा भडिमार होतो. पियाजे, व्हायगॉट्स्की, एरिक्सन, बोल्बी, एन्सवर्थ, ब्रॉन्फेनब्रेनर. कुणाचे टप्पे, कुणाच्या संज्ञा. बहुतेक जणी ते तक्ते भिंतीला चिकटवून पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि जूनपर्यंत विसरतात.

त्यापेक्षा असं करा. घरात पाच वर्षांचं कुणी असेल तर दोन सारखे पेले घ्या आणि दोन्हींत सारखं पाणी ओता. "दोन्हीत सारखं आहे ना?" मूल हो म्हणालं, की त्यातल्या एकातलं पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद पेल्यात ओता आणि विचारा, "आता?" बहुधा ते 'यात जास्त आहे' म्हणून उंच पेल्याकडे बोट दाखवेल. पियाजेचा हा प्रसिद्ध प्रयोग तुम्ही स्वयंपाकघरात केलात, आता तो विसरणार नाही. पण इथे थांबू नका. नंतरच्या संशोधकांनी यावर चांगला आक्षेप घेतला: मोठ्या माणसाने तोच प्रश्न दोनदा विचारला, की मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं. तेव्हा दुसऱ्या मुलाबरोबर करताना पहिला प्रश्न गाळा आणि फक्त ओतल्यानंतर विचारा. उत्तरं बदलतात का बघा. सिद्धांत वाचायचा तो असा, हातात पेला घेऊन.

पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात, त्याचा बाऊ करू नका. संज्ञा इंग्रजीच ठेवा, पण प्रत्येक संज्ञेखाली आईला समजेल असं एक वाक्य आपल्या बोलीत लिहा. 'सेपरेशन ॲन्झायटी'खाली माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं: 'आई मोरीत गेली तरी पोर दाराशी बसून रडतं ते.' तिला ती संज्ञा कळली होती.

चौथी पायरी: निरीक्षणाची वही

या पदवीतलं सगळ्यात मोलाचं कौशल्य कुठलं असं कुणी विचारलं, तर मी निरीक्षण म्हणेन. ते सर्वांत अवघडही आहे, कारण डोळ्यांच्या आधी आपलं मत धावतं.

पहिल्या वर्षी एका वस्तीतल्या घरी गेल्यावर मी वहीत लिहिलं होतं: 'आई मुलाकडे लक्ष देत नाही.' बाईंनी त्या वाक्याला लाल गोल केला आणि समासात विचारलं, 'तू काय पाहिलंस?' मी आठवून सांगितलं. आई दारात बसून बांगड्यांना खडे लावत होती, दोन वर्षांचा मुलगा तीनदा तिच्याकडे आला, दोनदा तिने मान वर न करता त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तिसऱ्यांदा चमच्यात पाणी पाजलं. बाई म्हणाल्या, "मग हे लिही ना." लिहिल्यावर माझं मूळ वाक्य खोटं पडलं होतं.

म्हणून वहीचं पान उभ्या रेघेने दोन भागांत करा. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे तुम्हाला त्यावरून काय वाटलं ते. डावीकडची नोंद अशी हवी: 'सकाळी १०.१२. ठोकळा उचलला. दुसऱ्यावर ठेवला, पडला. माझ्याकडे पाहिलं. परत ठेवला. म्हणाला, "घल पल्लं."' तो 'घर पडलं' म्हणाला असं दुरुस्त करून लिहू नका, त्याचे उच्चार तसेच ठेवा. तो कोणत्या वयात कोणता वर्ण टाळतो, हे त्यातूनच कळणार आहे. मूल कातकरी, गोंडी, अहिराणी, मालवणी जे बोलत असेल तेच लिहा. 'रागावला' हा शब्द डावीकडे येऊ शकत नाही. 'ठोकळा फेकला, ओठ आवळले' येऊ शकतं.

पद्धती पुढे शिकवल्या जातील: प्रसंगनोंद, ठरावीक वेळाने केलेली नोंद, एकच वर्तन मोजत केलेली नोंद. सुरुवातीला दहा मिनिटांची प्रसंगनोंद पुरे. दहा मिनिटं सलग लिहून बघा, हात दुखेल.

काही नियम मोडायचे नाहीत. मुलाचं खरं नाव वहीत लिहायचं नाही. पालकांना विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि त्यांनी परवानगी दिली तरी तो स्टेटसला नाही. मूल रडत असेल, पडत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी मुलाकडे जायचं. जर्नलचे गुण नंतर बघता येतील.

पाचवी पायरी: मुलासोबत त्याचं घर वाचा

विषयाच्या नावात 'कुटुंब' आहे ते शोभेसाठी नाही. मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगाम सुरू झाला की कोयता गाव सोडतो आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतो. मोठी पोरं आजीजवळ गावी राहतात किंवा सोबत येतात आणि धाकट्याला सांभाळतात. आता नऊ वर्षांच्या मुलीची शाळेतली गैरहजेरी तुमच्यासमोर आली, तर कारण कुठे शोधाल? मुलीत? आईत? मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांत, म्हणजे उचलीत? की कारखान्याजवळची, या मजुरांच्या मुलांसाठीची साखरशाळा चालू आहे की बंद, यात?

ब्रॉन्फेनब्रेनर नेमकं हेच सांगतो. मुलाभोवती वर्तुळं असतात: घर, शाळा, घर आणि शाळेतलं नातं, आईबापांच्या कामाची जागा, सरकारी धोरण, काळ. परीक्षेत पाच वर्तुळं काढून नावं लिहिली तर गुण मिळतात. वर्तुळांत मुकादम, कोपी आणि साखरशाळा भरता आली, तर विषय आला.

घरभेटीला जाताना एक युक्ती उपयोगी पडते. 'कुटुंब एकत्र की विभक्त' असा चौकोन भरू नका. 'दुपारी दोन वाजता बाळ कुणाजवळ असतं?' असं विचारा. कागदावर विभक्त दिसणाऱ्या घरात दुपारी आत्या येते, समोरची मावशी दार उघडं ठेवते. एकत्र कुटुंबात कधी कधी दुपारी बाळाजवळ सात वर्षांची ताईच असते.

आणि रीतभात पाळा. आधी निरोप पाठवून जा, चूल पेटण्याच्या वेळी जाऊ नका. चपला बाहेर काढा. खाली बसायला सांगितलं तर खाली बसा. चहा दिला तर घ्या. घरातल्या मोठ्या बाईशी आधी बोला, सून नंतर मोकळी होते. प्रश्नावली पिशवीतच राहू द्या, पहिल्या भेटीत मुलाशी खेळलात तरी चालेल. 'यांच्यात संस्कारच नाहीत' हे वाक्य माझ्या वर्गात मी कुणाला उच्चारू देत नाही, तुम्हीही लिहू नका.

सहावी पायरी: अंगणवाडीत शिकायला जा

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज असेल त्याला दवाखान्यात पाठवणं), आरोग्य-पोषण शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा अंगणवाडीशी जोडलेल्या आहेत. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं होतं, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर कुरणातच शाळा भरवायची, असा त्यांचा मार्ग होता. शिंपले, बिया, पानं हेच साहित्य. डहाणूकडे जाणं झालं तर कोसबाडला जाऊन या.

अंगणवाडीत पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसा आणि सेविकाताईंना "ताई, मी काय करू?" एवढंच विचारा. तपासनिसासारखं वागू नका. रजिस्टरं, मोबाइलमधल्या नोंदी, घरपोच आहाराचं वाटप, गरोदर बायकांच्या भेटी, आणि त्यातच पंचवीस-तीस मुलांची गाणी-गोष्टी हे सगळं त्या आणि मदतनीस ताई दोघी मिळून करतात. वजन-उंची घ्यायला मदत करा, त्यात खूप शिकायला मिळतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं ठेवून मोजतात, त्यावरच्याची उंची उभं करून. दोन्हींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे कशी मोजली हे नोंदवावं लागतं. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सेविकांच्या भाषेत 'सॅम'. टेप जरा घट्ट ओढला की आकडा बदलतो. एका मुलाला उपचार मिळणार की नाही हे तुमच्या बोटांवर अवलंबून आहे, तेव्हा दोनदा मोजा.

सातवी पायरी: आपल्या कामाची हद्द

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विकासचाचण्या शिकवतात. 'डासी' ही भारतीय बाळांसाठीची चाचणी प्रमिला फाटक यांच्या वडोद्यातल्या कामातून उभी राहिली, आणि तिची सुधारित आवृत्ती पुण्यात झाली. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी तिच्यात हालचालींचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ मुद्दे आहेत. अशी चाचणी शिकून आलात, की ओळखीच्या प्रत्येक बाळावर करून बघायचा मोह होतो. करू नका. प्रशिक्षणाशिवाय आणि देखरेखीशिवाय काढलेला निष्कर्ष आईच्या मनात वर्षानुवर्षं राहतो.

नुसत्या पदवीवर तुम्ही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. 'याला ऑटिझम आहे' असं सांगायचा अधिकार तुम्हाला नाही. 'नावाने हाक मारल्यावर वळत नाही असं मी चार वेळा पाहिलं, बालरोगतज्ज्ञांना दाखवून घेऊ या,' असं सांगणं मात्र तुमचं कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट पहिल्याच वर्षी माहीत हवी. एखाद्या मुलाने त्याच्यावर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल तुम्हाला सांगितलं, तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लगेच आपल्या शिक्षकांना सांगा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे, तो नंबर फोनमध्ये आजच घाला.

पुढे काय, याबद्दल स्पष्ट

पालकांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. खासगी बालवाड्यांमध्ये नोकरी लवकर मिळते, पगार बहुतेक ठिकाणी तुटपुंजा असतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणं हे सर्वांत नाजूक काम आणि त्यालाच सर्वांत कमी मोल, याचा मला राग येतो. चांगला मार्ग हवा असेल तर पदवीपाशी थांबू नका. एम.एस्सी. करून नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला गृहविज्ञान विषय घेता येतो आणि अध्यापनाकडे जाता येतं. विशेष शिक्षणातलं बी.एड. केलंत तर शाळांमध्ये आणि उपचारकेंद्रांमध्ये मागणी आहे. महिला व बालविकास विभागात पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही पदं असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम'सारख्या मोठ्या संस्था, वाडा तालुक्यातली 'क्वेस्ट', मुंबईचं 'उम्मीद' बालविकास केंद्र अशा ठिकाणचं काम जवळून बघा. तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप निवडताना प्रमाणपत्र कुणाचं मिळतं यापेक्षा रोज मुलांबरोबर किती तास मिळतात ते विचारा.

कॉलेज सुरू व्हायला अजून काही आठवडे असतील, तर साधी शंभर पानी वही आणा. ओळखीत चार वर्षांखालचं मूल असलेलं एखादं घर शोधा, त्यांना विचारा, आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बसून लिहा. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ आणि मुलाचं वय. वय वर्षांत लिहू नका, महिन्यांत लिहा. आणि बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर ते पूर्ण दिवसांचं जन्मलं होतं का, हेही त्याच्या शेजारी लिहून ठेवा.